चार पै शाळेच्या

पनवेलचा स्थानिक कारभार 2016 साली महापालिकेपासूनच सुरू झाला, असे या आठवड्यात एका कार्यक्रमात ऐकले आणि मन खट्टू झाले. वक्ते भले गृहस्थ, हेतूही चांगला. पण समोर खारघर-कामोठ्याची मुले बसली होती आणि ती हे वहीत उतरवून घेत होती.

खरे तर पनवेलची नगरपालिका 1852 सालची. ती निदान शहराच्या स्मरणात आहे. वेशीबाहेरच्या खेड्यांचे लोकल बोर्ड मात्र कुणाच्याच तोंडी नाही. 1883 मध्ये पनवेल ठाणे जिल्ह्यातून कुलाबा जिल्ह्यात आले आणि पुढच्याच वर्षीच्या कायद्याने जिल्ह्याला नि तालुक्याला लोकल बोर्ड मिळाले. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषद येईपर्यंत गावाकडची शाळा ही ‘बोर्डाची शाळा’ होती.

मला त्या बोर्डाची आरती ओवाळायची नाही. सुरुवातीची कित्येक वर्षे अध्यक्षाच्या खुर्चीत सरकारी अंमलदारच बसे आणि मत ऐपतवाल्यांनाच होते. पण त्याच्या खर्चाची पद्धत मला फार मोलाची वाटते. 1860च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला. त्यातला एक तृतीयांश शिक्षणाला, उरलेला रस्ते-विहिरी-धर्मशाळांना. आणा म्हणजे बारा पै: चार पै शाळेच्या, आठ पै रस्त्या-पाण्याच्या. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यालाही हे बोटांवर मोजता येई. रस्ता झाला नाही तर आपल्या आठ पै कुठे गेल्या, हे विचारायला त्याला आधार होता. आजही आठ-अच्या उताऱ्यावर जि. प. आणि ग्रा. पं. उपकराचे रकाने दिसतात, ते त्याच आण्याचे वंशज.

आता महापालिकेचे मालमत्ता कराचे बिल समोर धरा. 2016 पासूनच्या थकबाकीचा आणि सिडकोच्या सेवाशुल्काचा वाद वाचकांना पाठ आहे, तो पुन्हा उगाळत नाही. लोकांना कर नकोच असतो, असे म्हणतात. मला ते पटत नाही. आपल्या रुपयातले शाळेला किती, पाण्याला किती, हे बिलावरच छापा. निम्मी कुरबुर तिथेच थांबेल असे माझे मन सांगते. पुरावा मागाल तर तो माझ्यापाशी नाही.

आणि या जुन्या कारभाराचे दप्तर! हे माझे जुने दुखणे, तरी पुन्हा लिहितो. 1 ऑक्टोबर 2016 रोजी 29 गावे महापालिकेत आली. तळोजे, रोडपाली, नावडे इथल्या पंचायतींच्या ठराववह्या, घरपट्टीची आकारणी, विहिरीसाठी कुणी जागा दिली त्याच्या नोंदी, हाच या गावांचा लिहिलेला इतिहास. गावठाणाच्या हद्दीचा प्रश्न निघाला की म्हातारी माणसे याच वह्यांची आठवण काढतात. मागे एका कचेरीत मी अशी एक वही पाहायला मागितली. उत्तर मिळाले, जुने कागद इथे नसतात. मग कुठे असतात, हे सांगणारे कुणी भेटले नाही.

सगळ्या गावांच्या वह्या एका कोरड्या खोलीत आणा. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि वाचायला येणाऱ्याला परत न पाठवणारा एक कारकून. कार्यक्रमातल्या त्या मुलांना मी स्वतः तिथे घेऊन जाईन.