विश्लेषण : घरच्या घरी कार्ब्युरेटरशी खेळ कशासाठी?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून ‘गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं’ ही तक्रार प्रत्येक गॅरेजात ऐकू येते. तक्रार खोटी नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोनतृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडे घटणारच. पण त्यावर उपाय म्हणून मोबाइलवरचा व्हिडीओ पाहून, अंगणात बसून कार्ब्युरेटर खोलण्याचे जे पेव फुटले आहे, ते चिंतेचे आहे.

जेट मोठे केले की काय होते?

शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. ई-२०ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेत आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवे. जुन्या कार्ब्युरेटरला हे कळत नाही, म्हणून मिश्रण किंचित ‘लीन’ होते. गाडी सकाळी उशिरा सुरू होते, पिकअपला अडखळते. इथवर घरगुती मेकॅनिकचे निदान बरोबर असते. उपचार मात्र चुकतो. नवे जेट आणण्याऐवजी जुन्याचेच भोक सुईने किंवा बारीक ड्रिलने वाढवले जाते. ०.८० मिलिमीटरचे भोक ०.९० झाले, तर फरक केसाएवढा वाटतो. पण क्षेत्रफळ जवळपास २७ टक्क्यांनी वाढते. हवे होते आठ-नऊ टक्के! प्लग काळा पडतो, धूर वाढतो आणि अ‍ॅव्हरेज आणखी घसरते. शिवाय मेन जेटचा खरा अंमल थ्रॉटल जवळजवळ पूर्ण पिळल्यावरच असतो. सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीचा कारभार पायलट जेट आणि नीडल पाहतात.

उलटा प्रयोगही होतो : अ‍ॅव्हरेजसाठी लहान जेट. ई-२०वर तो अधिक घातक, कारण आधीच लीन असलेले मिश्रण आणखी लीन होते. प्लग पांढराफटक दिसू लागला की इंजिन तापते आहे असे समजावे. पुढची पाळी व्हॉल्व्ह आणि पिस्टनची.

एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ आल्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आहे. तिथे ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने ईसीयू हा फरक मर्यादेत स्वतःच भरून काढतो. त्या सेन्सरच्या वायरीत रेझिस्टर घालणे म्हणजे हिशेबनिसाला खोटी पावती देणे.

मग हात कशाला लावावा?

रबराला. जुन्या गाड्यांचे पेट्रोल पाइप, ओ-रिंग, फ्लोट बाऊलचे गॅस्केट इथेनॉलने फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. व्हिडीओत याबद्दल क्वचितच बोलतात, कारण त्यात मर्दुमकी नाही. पण गरम इंजिनावर ठिबकणारा पाइप अ‍ॅव्हरेजपेक्षा कितीतरी गंभीर. इथेनॉल ओलावाही ओढते, म्हणून महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीचे बाऊल रिकामे करावे. हे काम मोकळ्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत शेजारच्या गॅसच्या शेगडीपर्यंत जाते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई करते. २०१९च्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला प्रत्येकी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. धाक आहे, पण सगळा दोष अंगणात बसलेल्या माणसावर टाकणे अन्यायाचे. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५मध्ये फेटाळली, म्हणजे पंपावर निवड नाही. मग २०२३पूर्वीच्या गाड्यांसाठी पाइप-गॅस्केटचा संच आणि योग्य क्रमांकाचे जेट कंपन्यांनी माफक दरात, प्रत्येक सर्व्हिस सेंटरवर ठेवावे, आणि सरकारने त्यांना तसे करायला लावावे. दूधवाला, कुरिअरवाला, शेतावर जाणारा माणूस पंधरा वर्षांची गाडी हौस म्हणून चालवत नाही.