पाणी निवळले, पण गाळाचे काय?

पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ झाले की त्यात तुरटीचा खडा फिरवायचा आणि हंडा रात्रभर हलवायचा नाही, ही कोकणातली जुनी रीत. काही घरांत निवळीची बी मडक्याच्या आतल्या अंगाला उगाळीत. निवळणे हा आपला घरगुती शब्द. आज खाणवाले हेच काम पॉलिमरने करतात आणि त्याचा मोठा गाजावाजा होतो, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

ज्यांच्या घरातील कोणी साखर कोठीत काम केले आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. उसाच्या रसात चुना घालतात, रस तापवतात, मग दहा लाख भागांस दोनचार भाग इतकेच पॉलिमर सोडतात. मळ एकत्र येऊन खाली बसतो, वर स्वच्छ रस राहतो, आणि तो मळ खत म्हणून शेतात जातो. खाणीतही तत्त्व तेच. तांबड्या मातीचे अतिबारीक कण एकाच जातीच्या विद्युत्भाराचे असल्यामुळे एकमेकांना दूर ढकलतात आणि दिवसेंदिवस पाण्यात तरंगत राहतात. पॉलिॲक्रिलामाइडची लांब साखळी अशा अनेक कणांना एकदम धरते, त्यांचे पुंजके होतात व ते झपाट्याने खाली बसतात. पाणी पुन्हा वापरता येते. ही सोय खरीच आहे, आम्ही ती नाकारीत नाही.

अडचण पुढे आहे. या पॉलिमरची कोरडी पूड पाण्यात टाकली तर घाईत कालवलेल्या पिठासारख्या गुठळ्या होतात. म्हणून तिचे अतिसूक्ष्म कण तेलात किंवा मिठाच्या दाट पाण्यात तरंगत ठेवून पिंपांतून विकतात. तेलाच्या प्रकारात सुमारे पाव भाग खनिज तेलच असते, आणि तेही शेवटी नाल्यात जाते. मात्रा जास्त झाली तर पॉलिमर पाण्यातच राहते, फार जोराने घुसळले तर साखळ्या तुटतात. धन भाराचे पॉलिमर माशांच्या कल्ल्यांना चिकटून त्यांना मारते, म्हणून खाणीत बहुधा ऋण भाराचे वापरतात. आणि ज्यापासून हे बनते ते ॲक्रिलामाइड मज्जातंतूंना घातक आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. स्वीडनमध्ये हाल्लांडसोसच्या बोगद्यात गळती बुजवण्यासाठी ॲक्रिलामाइडचे मिश्रण वापरले होते. १९९७ साली ते ओढ्यात उतरले, मासे मेले, गायींचे पाय लुळे पडले. ते काम पाणी निवळण्याचे नव्हते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. चांगल्या प्रतीच्या पॉलिमरमध्ये हा कच्चा पदार्थ फारच थोडा उरतो. पण प्रत चांगली आहे हे पाहायचे कोणी?

आता गोव्याकडे पाहा. शाह आयोगाच्या अहवालानंतर २०१२ साली तेथील लोखंडाच्या खाणी बंद झाल्या. पुढे सुरू झाल्या, तर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्टे रद्द केले. २०२२ च्या डिसेंबरात नव्याने लिलाव झाले आणि २०२४ पासून काही ठिकाणी काम पुन्हा चालू झाले आहे. डिचोली तालुक्यातील शिरगाव म्हणजे श्रीदेवी लईराईचे गाव. तेथे खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या, खड्ड्यांतले पाणी उपसले गेले आणि गावच्या विहिरी आटल्या. हे दुःख कोणत्याही पॉलिमरने भरून येणारे नाही. पॉलिमर पाणी निवळते, आटलेली विहीर भरीत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या पूर्वजांच्या कागदांवर जिल्हा रत्नागिरी असे लिहिलेले आढळते. १९८१ साली त्यातूनच सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्याच सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात, कळणे गावी २०२१ च्या जुलै महिन्यात लोखंडाच्या खाणीत साठलेले पाणी फुटून घरांत आणि शेतांत शिरले. भातशेतीवर तांबडा चिखल बसला. ज्याने एकदा तरी भाताचा दाढ काढून लावणी केली आहे, त्याला त्या शेतकऱ्याची अवस्था समजावून सांगायला नको.

आमची तक्रार पॉलिमरवर नाही, त्याच्या नावाने केल्या जाणाऱ्या जाहिरातीवर आहे. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी दाखवले की पाहुणे खूश होतात. खाली बसलेला गाळ कोठे गेला, हे कोणी विचारीत नाही. तो बांधामागे साठतो, पाणी धरून वर्षानुवर्षे ओलाच राहतो. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी लोखंडाच्या खाणीचा असाच बांध कोसळला आणि २७० माणसे गेली. गाळातले पाणी पिळून काढून तो कोरडा रचता येतो, आणि त्या कामातही पॉलिमर उपयोगी पडते. पण खर्च वाढतो, तेव्हा तो उपाय मागे पडतो. शिवाय पाण्यात विरघळलेले धातू पॉलिमरने धरले जात नाहीत. त्यांना आधी चुन्याने बाहेर काढावे लागते. स्वच्छ दिसणारे पाणी पिण्याजोगे असतेच असे नाही.

म्हणून आमच्या मते खाणीच्या परवान्यातच लिहिलेले असावे की कोणते पॉलिमर, किती मात्रेने, त्यात कच्चे ॲक्रिलामाइड किती, तेल किती. नाल्याच्या पाण्याची तपासणी पावसाळ्यात व्हावी, उन्हाळ्यात नव्हे, आणि तिचे आकडे मराठीत वा कोंकणीत पंचायतीच्या फळ्यावर लागावेत. एवढ्याने खाण बंद पडत नाही. साखर कोठीतला पाळीवरचा माणूसही दर पाळीला रसाची तपासणी करतोच की.

या हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या पावसाळ्यात, जी मंडळी आपल्या मूळ गावी जाणार आहेत त्यांनी देवदर्शन झाल्यावर जवळच्या ओढ्यापर्यंतही जाऊन यावे, आणि पाण्याचा रंग कसा होता ते आम्हांस लिहून कळवावे. पत्रांना या पानावर जागा देऊ.