खाड्याचा हिशेब

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या ८४३ बायांनी गर्भाशय काढून टाकले आहे, असे जिल्ह्याच्याच आरोग्य यंत्रणेच्या तपासणीतून पुढे आले. त्यानंतर आपल्याकडे जे व्हायचे ते यथासांग झाले. हळहळ झाली, ‘गंभीर दखल’ झाली, चौकशीची भाषा झाली. आकडा नवा आहे, बाकी सगळे जुने. २०१९च्या एप्रिलमध्ये बीड जिल्ह्यातल्याच वंजारवाडीत बायांची गर्भाशये काढली गेल्याची बातमी आली तेव्हाही हेच झाले होते. राष्ट्रीय महिला आयोगाने मुख्य सचिवांना नोटीस धाडली होती. तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले होते की, बीडमध्ये तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. म्हणजे सहा बायांमागे एक. देशभरातल्या पाहणीत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास असताना एका जिल्ह्यातल्या एका कामातल्या बायांत ते सोळाच्या वर का जाते, या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच मिळाले होते. समितीला मिळाले होते, सरकारला मिळाले होते आणि त्याच्याही कितीतरी आधी बायांमध्ये काम करणाऱ्या संघटनांना ते तोंडपाठ होते.

उत्तर मजुरीत आहे. सरकार मात्र ते इस्पितळात शोधत बसले आहे.

२०१९नंतर सरकारने काय केले? खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली. चांगलेच केले. तिशीतल्या बाईला ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घालून टेबलावर झोपवणारे महाभाग होते आणि त्यांना चाप लावणे गरजेचे होते. राजस्थानातील ‘प्रयास’चे डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अशाच शस्त्रक्रियांविरुद्ध २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. त्यावर न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश दिला. तेही योग्यच. पण डॉक्टर हा या साखळीतला शेवटचा माणूस आहे. बाई त्याच्या दारात येते ती ‘पिशवी काढून टाका’ असे स्वतःच म्हणत येते. तिला तसे म्हणायला लावणारा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो आणि त्या वहीला हात लावण्याची हिंमत २०१९पासून एकाही सरकारला झालेली नाही.

तो हिशेब असा. ऊसतोडीत मजूर मोजला जात नाही, कोयता मोजला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा आला तर अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादम या जोडीला उचल देतो. आता ती लाख-दीड लाखापर्यंत जाते. ती फिटेपर्यंत जोडी त्याची. पहाटे तीन-चारला उठायचे, कोपीतली चूल पेटवून भाकरी थापायच्या, पोराला कडेवर घ्यायचे आणि फडात जायचे. पुरुष तोडतो. बाई पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढवते. पोटुशी असली तरी चढवते. पाळीचे कापड बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, उसाच्या सरीशिवाय शौचाला जागा नाही. अंगावरून पांढरे जाणे, जंतुसंसर्ग, ओटीपोटात सततचा ठणका हे सगळे यातून येते आणि ते औषध-विश्रांतीने बरे होण्यासारखे असते. पण विश्रांती घेतली की खाडा. खाड्याला दंड पाचशे रुपये आणि त्याहून वर.

जरा आकडेमोड करू. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, त्याचे केवढे ढोल वाजले! शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने तोडगा काढला म्हणून सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली. वाढीनंतरचा दर टनाला ३६६ रुपयांच्या घरात. एक कोयता बारा-चौदा तास राबून दीड ते दोन टन ऊस तोडतो. दोन टन धरले तरी जोडीला ७३२ रुपये. त्यात बाईचा वाटा ३६६. म्हणजे पाळीच्या दिवसात एक दिवस आडवे पडले तर त्या दिवसाची कमाई जातेच, वर दिवसभराच्या स्वतःच्या कमाईपेक्षा जास्त दंड बसतो. महिन्याला दोन-तीन दिवस, हंगामाचे पाच-सहा महिने. ही वजाबाकी शाळेत न गेलेल्या बाईलाही येते. शस्त्रक्रियेचे वीस-पंचवीस हजार मुकादमच उचलीत धरून द्यायला तयार असतो, कारण त्यालाही खाडा न करणारा कोयता हवा असतो. मग पंचविशी-तिशीत पिशवी जाते. अनेकदा अंडाशयेही जातात. चाळिशीच्या आत हाडे ठिसूळ होतात, कंबर धरते, घाम फुटतो, झोप उडते. आणि ती पुढच्या दसऱ्याला पुन्हा गाडीत बसते, कारण शस्त्रक्रियेचे पैसे फिटायचे असतात.

असा हिशेब ज्या राज्यात चालतो त्या राज्याला १९७६ सालचा वेठबिगारीविरोधी कायदा ठाऊक आहे की नाही? उचल देऊन माणूस बांधून ठेवणे म्हणजे दुसरे काय असते?

महिला किसान अधिकार मंच अर्थात ‘मकाम’, मनीषा तोकले यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी बांधलेली महिला ऊसतोड कामगार संघटना, पुण्यातील ‘सोपेकॉम’ यांचे काम नेमके इथे सुरू होते. या संघटना काय करतात असे कुणी विचारले तर उत्तर अगदी साधे आहे. त्या बायांची नावे लिहून घेतात. हंगामाचा पट्टा पडून माणसे गावी परतली की केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांत वाडी-वस्तीवर जायचे. ओट्यावर बायांना गोळा करायचे. कोण कुठल्या कारखान्याला गेली होती, उचल किती, खाडे किती, फडात बाळंत झाली का, पिशवी कधी काढली, कुणी सांगितले, अंडाशय ठेवले की काढले हे विचारायचे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकींना देता येत नाही, कारण त्यांच्या हातात कागदच दिलेला नसतो. हे किचकट, कंटाळवाणे आणि बिनचमकीचे काम आहे. त्याचे फोटो चांगले येत नाहीत. पण आज या प्रश्नावर जे काही बोलता येते आहे ते या वह्यांच्या जोरावर. कारण मुकादमाच्या वहीत बाईचे नावच नसते. उचल नवऱ्याच्या नावावर, करारावर अंगठा नवऱ्याचा, हिशेब नवऱ्याच्या हाती. निम्मा ऊस जिच्या डोक्यावरून ट्रकमध्ये चढतो ती कागदावर कुठेच नाही. जी कागदावर नाही तिला अपघाताची भरपाई कुणी द्यायची? बाळंतपणाची रजा कुणी द्यायची? मुकादमाने अंगावर हात टाकला तर तिने तक्रार कुठे करायची? असंघटित कामगार महिलांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असावी असे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा सांगतो. फडातली बाई त्या समितीपर्यंत पोहोचते का, हे कधीतरी पालकमंत्र्यांनी विचारून पाहावे.

म्हणून या संघटनांची पहिली मागणी वर्षानुवर्षे एकच आहे. कोयता फोडा. बाईची स्वतंत्र मजूर म्हणून नोंद करा, तिला स्वतंत्र ओळखपत्र द्या, तिच्या श्रमाचे पैसे तिच्या खात्यात टाका. यात क्रांतिकारक असे काही नाही. रोजगार हमीच्या कामावर बाईची हजेरी वेगळी लागते, तिथे लहान मुले असतील तर सांभाळायला माणूस ठेवावा लागतो. सरकारच्या कामावर जे बंधनकारक, ते साखर कारखान्याच्या फडात का नाही? उत्तर सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच देत नाही.

कारखानदारांची बाजू ऐकायला फार वेळ लागत नाही. ते म्हणतात, मजूर आमचे नाहीत. आमचा करार वाहतूकदाराशी, त्याचा मुकादमाशी, मुकादमाचा कोयत्याशी. म्हणजे ऊस यांचा, साखर यांची, नफा यांचा. फक्त ती तोडणारी माणसे कुणाचीच नाहीत. विधिमंडळात ज्यांच्या घरात एखाद-दुसरा कारखाना आहे असे सदस्य मोजायला दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत, मग हा युक्तिवाद सभागृहात कुणी खोडून काढायचा? मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हीच कहाणी छापली, कोका-कोला आणि पेप्सिको यांच्या साखरेचा माग फडापर्यंत नेला. तेव्हा कुठे काही मंडळी दचकली. बीडच्या बायांनी दहा वर्षे सांगितलेले ऐकू येत नाही, न्यूयॉर्कहून आलेले लगेच ऐकू येते. निर्यातीच्या बाजारात अब्रू गेली की ती खरी, केजच्या इस्पितळात गेली तर तो ‘सामाजिक प्रश्न’!

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ निघाले. गाळपाच्या टनामागे दहा रुपये कारखान्यांनी द्यायचे, तेवढेच सरकारने घालायचे असे ठरले. राज्याचे गाळप आठ-दहा कोटी टनांच्या घरात असते, त्यामुळे पैसा कमी नाही. मुलांसाठी वसतिगृहांची योजना आली, ओळखपत्रे वाटायला सुरुवात झाली. पण राज्यात ऊसतोड मजूर नेमके किती याचाच पक्का आकडा नाही. कुणी आठ लाख म्हणते, कुणी बारा, कुणी त्याहून अधिक. त्यात बाया किती, हे तर विचारूच नये. ज्या राज्यात उसाच्या प्रत्येक टनाची पावती फाटते त्या राज्यात तो वाहणाऱ्या बाया मोजता येत नाहीत, यावर विश्वास कसा ठेवायचा? मोजायच्या नाहीत हेच खरे. मोजल्या की त्यांचे देणे लागते.

हे मोजण्याचे काम मग संस्थांच्या गळ्यात. सर्वेक्षण त्यांनी करायचे, शिबिरे त्यांनी घ्यायची, बाईला तालुक्याला घेऊन जाऊन अर्ज त्यांनी भरायचा, ग्रामसेवकाशी भांडण त्यांनी करायचे. आणि हे करताना सरकारचा त्यांच्याकडे पाहण्याचा डोळा कसा, तर संशयाचा. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२०मध्ये झालेल्या दुरुस्तीने मोठ्या संस्थेने लहान संस्थेला पैसे देण्याची वाटच बंद केली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली. तालुक्याच्या गावात दोन खोल्यांत चालणाऱ्या संघटनेचा ‘प्रशासकीय खर्च’ म्हणजे कार्यकर्तीचे मानधन आणि एसटीचे तिकीट. तेच छाटले. सरकारला संस्था हव्यात त्या सॅनिटरी नॅपकिनची पाकिटे वाटायला. दर आणि हक्क यांबद्दल बोलू लागल्या की त्या ‘आंदोलनजीवी’ होतात.

या कोयत्याची धार आणखी कुठवर जाते तेही पाहण्यासारखे आहे. जोडीलाच पूर्ण उचल मिळत असेल तर पोराचे लग्न हंगामाआधी उरकणे हा पैशाचा निर्णय ठरतो. आणि वयात आलेली पोरगी गावात म्हाताऱ्या आजीपाशी सोडून जायची धास्ती असेल तर तिचे लग्न लावून देणे हा सुरक्षिततेचा. बीड जिल्ह्यात विशी-चोविशीतल्या चाळीस टक्क्यांहून अधिक बायांची लग्ने अठराच्या आत झाल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, राज्याच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट. सोळाव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन-तीन बाळंतपणे, मग नसबंदी, मग पिशवी. बालविवाह रोखायला अंगणवाडी सेविकेला मांडवात पाठवणारे सरकार लग्न ज्या व्यवहारासाठी लागते त्या व्यवहाराकडे ढुंकून पाहत नाही. आणि याच राज्याने १९९४ साली देशातले पहिले महिला धोरण आणले, याचा आपल्याला कोण अभिमान! २०२४च्या महिलादिनी चौथे धोरणही जाहीर झाले. त्याच वर्षी ‘लाडकी बहीण’ आली. महिन्याला १,५०० रुपये खात्यात येतात आणि ऊसतोडीच्या बाईसाठी ते मोलाचे आहेत, त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण तीन खाड्यांत ते संपतात. एका हाताने ओवाळणी द्यायची आणि मुकादमाने ती दंडात वळती करून घेतली तरी दुसरीकडे पाहायचे, हा भाऊपणा अजब आहे.

चौकशीची गरज नाही. कशाची चौकशी करणार? गोऱ्हे समितीचा अहवाल आहे, संघटनांच्या पाहण्या आहेत, जिल्हा यंत्रणेचा ताजा आकडा आहे. हवा आहे तो एक निर्णय आणि तो घेण्याचे हत्यार सरकारच्या हातात आहे. साखर आयुक्तांच्या परवान्याशिवाय राज्यातल्या एकाही कारखान्याचे धुराडे पेटत नाही. शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे उसाची ठरवून दिलेली किमान किंमत, थकवली तर आयुक्त गाळप परवाना अडवतात, आणि मग थकबाकी कशी चटकन भरली जाते हे पश्चिम महाराष्ट्राने अनेकदा पाहिले आहे. त्याच परवान्याला आणखी चार अटी जोडा. कारखान्याने आपल्या फडातल्या प्रत्येक मजूर बाईची नावानिशी यादी द्यावी. तिची मजुरी तिच्या खात्यात जमा झाल्याचा पुरावा द्यावा. कोप्यांजवळ पाणी आणि संडास असल्याचे दाखवावे. आणि खाड्याचा दंड घेणारा मुकादम काळ्या यादीत टाकावा. मुंबईत विधेयक आणण्याची किंवा दिल्लीची परवानगी घेण्याची त्यासाठी जरूर नाही. पुण्यातल्या साखर संकुलातून एक परिपत्रक निघाले तरी पुरे. येत्या हंगामाच्या उचली गावोगाव वाटल्या जाऊ लागल्या आहेत आणि दसऱ्यानंतर गाड्या हलतील. ते परिपत्रक त्याआधी निघणार आहे का, एवढेच सहकारमंत्र्यांनी सांगावे.