या आरशात सगळी मुलं दिसतात का?



'चित्रपट हा समाजाचा आरसा आहे' हे वाक्य आपण निबंधात मुलांकडून किती वेळा लिहून घेतो! पण या आरशात आपल्या वर्गातली सगळी मुलं दिसतात का? बऱ्याच चित्रपटांत घर शहरातलं, भाषा प्रमाण, आडनावं ठरलेली. पालावरचं पोर आलंच तर हसण्यासाठी, नाहीतर कीव करण्यासाठी.

हे चित्र बदललं ते नवे चेहरे घेऊन काढलेल्या छोट्या चित्रपटांनी, असं माझं स्पष्ट मत आहे. नागराज मंजुळे यांचा २०१४ साली प्रदर्शित झालेला 'फँड्री' घ्या. मंजुळे स्वतः वडार समाजातून आलेले. त्यांचा जब्या कैकाडी समाजातला शाळकरी मुलगा. फँड्री म्हणजे त्याच्या घरच्या बोलीत डुक्कर. ही भूमिका करणारा सोमनाथ अवघडे हा खेड्यातलाच मुलगा, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्यातला एक प्रसंग प्रत्येक शिक्षकाने बघावा. जब्याचं सगळं घर शाळेजवळ डुक्कर पकडत असतं, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागीच उभा राहतो, घरचेही थांबतात. डुक्कर मात्र निसटतं. पुढे ते डुक्कर खांद्यावरून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर डॉ. आंबेडकरांचं, फुले दांपत्याचं चित्र दिसतं. आणि त्याच शाळेतली मुलं त्याला हसत असतात.

भिंत रंगवून घेणं सोपं आहे हो. वर्गात कोण कोणाशेजारी बसतं, डबा कोण कोणाबरोबर खातं, कोणाच्या आडनावाला हसलं जातं, हे रोज बघणं अवघड.

काही पालक म्हणतात, "लहान मुलांना जातीचं कशाला दाखवायचं?" पण ज्याला मैदानात जातीवरून चिडवतात, त्याला ती आधीच माहीत असते. चिडवणाऱ्यानेही ती मोठ्यांकडूनच ऐकलेली असते. गप्प राहून फायदा चिडवणाऱ्याचाच होतो.

पहिली-दुसरीच्या मुलांना 'फँड्री' दाखवा असं मी म्हणत नाही. त्यात शिव्या आहेत, अपमान आहे. आधी आपण मोठ्यांनी बघावा. सातवी-आठवीला निवडक प्रसंग दाखवून एवढंच विचारावं : जब्या का लपतो? हसणाऱ्यांत आपण असतो तर काय केलं असतं?

एक काळजी मात्र घ्यावी. त्या समाजाचं मूल वर्गात असेल तर "तुमच्याकडे पण असंच असतं का रे?" असं विचारू नये. त्या प्रश्नाने आपणच त्याला भर वर्गात जब्या करतो.

त्यापेक्षा दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी प्रत्येक मुलाला घरच्या बोलीतला एक शब्द फळ्यावर लिहू द्या. पाणी, भाकरी, आई. सगळ्यांनी तो मोठ्याने वाचावा. एकाही शब्दापुढे 'अशुद्ध' असा शेरा नको.