सनरूफ हवं, खुर्ची नको!

मंडळी, घरात तान्हं आलं की मोठी गाडी घ्यायची टूम निघते. मग चर्चा काय? ॲव्हरेज किती, रंग कुठला, सनरूफ आहे का! फार तर कुणीतरी "पाच स्टार आहेत हो" म्हणतं आणि विषय संपतो.

मला या स्टारांबद्दलच बोलायचंय. ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडे 'भारत एनकॅप' चाचणी सुरू झाली. ताशी 64 किलोमीटर वेगाने गाडी आपटतात. मोठ्यांचे गुण 32 पैकी, मुलांचे वेगळे, 49 पैकी. आणि त्यात दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे चाइल्ड सीटमध्ये नीट बांधलेले असतात. म्हणजे घरी सीटच नसेल तर ते स्टार तुमच्या बाळाचे नाहीत!

"आईच्या मांडीइतकं सुरक्षित काय?" हा लाडका युक्तिवाद. अहो, ताशी 50 ची धडक म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडणं. माया कितीही असो, तिथे हात पुरत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीपासून 14 वर्षांखालच्या मुलाला न बांधता नेलं तर 1000 रुपये दंडही आहे, पण विचारतो कोण?

असो. आधी मुलांचे गुण बघा, मागे आयसोफिक्स आहे ना ते बघा आणि खुर्चीचे पैसे गाडीच्या किमतीतच धरा. जमत नसेल तर सनरूफ सोडा. आणि बारशाला चांदीच्या वाट्या आणणाऱ्या मावश्या-आत्यांनो, यंदा वर्गणी काढून खुर्चीच आणा की!