पाण्याची रेघ आपणच मारू



तेरला समुद्र नाही. तरी 26 सप्टेंबर 2021 ला ‘गुलाब’ वादळ आंध्रच्या किनाऱ्याला धडकलं आणि दोन दिवसांत इकडे मांजरा-तेरणा फुगून शेतात शिरल्या. किनाऱ्यावर तर धोका दुहेरी. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धनकडे घरांचे पत्रे उडाले, सुपारीच्या बागा झोपल्या. असं वादळ ऐन भरतीला आलं तर वारा समुद्राचं पाणी खाडीतून आत लोटतो, अन् भाताची जमीन खारी होऊन बसते.

पाणी सातबारा विचारून शिरत नाही. पंचनामा मात्र सातबारा विचारतो. वनजमीन, गायरान कसणाऱ्याचं पीक वाहून गेलं तरी त्याचं नाव यादीत येत नाही.

म्हणून मोजणी आपणच करायची, ती पावसाआधी. पाणी कुठवर चढलं होतं ते म्हाताऱ्यांना विचारा. तिथे झाडावर, भिंतीवर रेघ मारा. रेघेखालची घरं, विहिरी, शेतं लिहा. एकट्या बाया, आजारी माणसं, लेकरं कोण उचलणार तेही ठरवा. ग्रामसभेत वाचून तारीख, सह्या, अंगठे घ्या.

ही वही वनहक्काच्या दाव्यालाही कामी येईल. 13 डिसेंबर 2005 आधीपासून जमीन कसतो, असा वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब कायदा पुरावा धरतो. सोबत दुसरा एक पुरावा जोडा.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने वही घेऊनच यायचं.