मरणाचा गौरव आणि मरणाऱ्याची उपेक्षा

भारतीय मन मृत्यूला भीत नाही, असे विधान परिसंवादांत आणि ग्रंथांच्या प्रस्तावनांत वर्षानुवर्षे केले जाते. कठोपनिषदातील नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री थांबला, गीतेने देहाच्या नश्वरतेचा निर्वाळा दिला, संतांनी मरणाला सोहळा मानले. तेव्हा मृत्यूची धास्ती ही पाश्चात्त्यांची व्याधी असून या भूमीने तिच्यावर केव्हाच मात केली आहे, अशी या मांडणीची दिशा असते. ती ऐकावयास गोड आहे. परंतु तिच्यात एक मोठी फसगत दडलेली आहे. मरण आणि मरणे या दोन भिन्न गोष्टींना ती एक समजते. मरण ही कल्पना आहे; तिचे तत्त्वज्ञान होते, काव्य होते, स्मारकही होते. मरणे ही देहाला सोसावी लागणारी क्रिया आहे. तिला दिवस, आठवडे, क्वचित वर्षे लागतात. तिला वेदना असते, दुर्गंधी असते, खर्च असतो, आणि रात्री उठून कूस बदलून देणारे कोणीतरी माणूस लागते. भारतीय परंपरेने पहिलीचा उदंड गौरव केला आणि दुसरीकडे पाठ फिरवली, हे कटू असले तरी सत्य आहे.

या गौरवाचे पात्र कोण, हे पाहिले म्हणजे त्याचे स्वरूप उघड होते. गौरव होतो तो निवडलेल्या मरणाचा. ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये आळंदीस संजीवन समाधी घेतली. त्या प्रसंगाभोवती नामदेवांच्या नावावरचे समाधीचे अभंग उभे राहिले आणि मराठी भक्तिकाव्याचा तो एक मानबिंदू ठरला. विनोबा भावे यांनी नोव्हेंबर 1982 मध्ये पवनारच्या आश्रमात अन्न, पाणी आणि औषध नाकारून देह ठेवला; राष्ट्राने त्याला प्रायोपवेशन म्हटले आणि मस्तक नमविले. नमविण्यात काही गैर नव्हते. पण त्याच काळात भारतीय दंडसंहितेचे कलम 309 जिवंत होते आणि आत्महत्येचा प्रयत्न फसलेल्या सामान्य माणसाला ते तुरुंगाची वाट दाखवीत होते. 1985 मध्ये मुंबई पोलिसांतील एका मनोविकारग्रस्त शिपायाने अंगावर रॉकेल ओतून घेतले. तो वाचला आणि आरोपी झाला. त्याच्याच अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने 1986 मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात तोच निष्कर्ष काढला; 1996 मध्ये ग्यानकौर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो फिरविला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसावर तीव्र ताण होता असे गृहीत धरावयास सांगितले, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम उरले नाही; सार्वजनिक सेवकावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. महात्म्याचे मरण तत्त्वज्ञान आणि शिपायाचे मरण फौजदारी, ही विभागणी मोडावयास इतकी दशके लागली.

निवड हा शब्दही वाटतो तितका निर्मळ नाही. विधवेने चितेवर चढणे ही तिची निवड आहे, असेच पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. 1829 मध्ये बंगालमध्ये सतीबंदीचा नियम झाला; तरीही 1987 मध्ये राजस्थानातील देवराळा येथे तरुण विधवा जळाली आणि तिच्या नावाने जयघोष झाला. त्यानंतर आलेल्या कायद्याने केवळ कृत्याला नव्हे, तर सतीच्या गौरवालाही गुन्हा ठरविले. कायद्याला जे समजले ते साहित्यसमीक्षेला अजून नीटसे समजलेले नाही: मरणाचा गौरव हा निरुपद्रवी अलंकार नसतो. तो कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून त्याला पुढे ढकलीत असतो. उलट, स्वेच्छेने केलेला प्रत्येक देहत्याग हा अत्याचारच, असेही म्हणता येत नाही. जैनांच्या संथारा व्रताला राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये आत्महत्येच्या पंक्तीस बसविले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. प्रश्न खरोखरीच बिकट आहे. म्हणूनच तो जयघोषाने किंवा निषेधाने सुटणारा नाही. मरणाऱ्याच्या उशाशी बसून, त्याला काय हवे आहे आणि त्याच्या भोवतालच्यांना काय हवे आहे, हे वेगवेगळे ऐकावे लागते.

साहित्याने हे ऐकलेच नाही, असे मात्र नाही. भारतीय भाषांतील थोर लेखकांनी ते ऐकले. समीक्षेने त्यांचे म्हणणे झाकून टाकले. प्रेमचंदांची ‘कफन’ ही कथा घ्यावी. झोपडीत बुधिया प्रसूतिवेदनांनी तडफडून मरते आहे आणि बाहेर नवरा व सासरा शेकोटीत भाजलेले बटाटे खात बसले आहेत. पुढे कफनासाठी जमविलेल्या पैशांतून ते दारू पितात. या कथेवर विपुल लिहिले गेले: दारिद्र्याने माणूस कसा पशू होतो, यावर, दोन्ही पुरुष चर्मकार दाखविण्यात लेखकाची दृष्टी कलुषित होती काय, या दलित समीक्षकांनी उपस्थित केलेल्या रास्त प्रश्नावरही. पण त्या रात्री गावात सुईण का आली नाही, बुधियाच्या किंकाळ्या ऐकून एकही दार का उघडले नाही, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. बुधिया कथेत मरते आणि चर्चेत तिचे प्रतीक होते. प्रतीकाला वेदना नसतात, म्हणून ते सोयीचे असते.

यू. आर. अनंतमूर्तींच्या ‘संस्कार’ (1965) या कन्नड कादंबरीचेही असेच झाले. नारणप्पाचे प्रेत पडून आहे. ते उचलल्याशिवाय अग्रहाराला अन्न वर्ज्य आहे, आणि त्याचे अंत्यसंस्कार करावयाचे कोणी, यावर धर्मशास्त्राचा काथ्याकूट चालू आहे. समीक्षेने प्राणेशाचार्यांच्या आत्मशोधावर ग्रंथ लिहिले. पण प्रेताची विल्हेवाट शेवटी लावली ती चंद्रीने, एका मुसलमान व्यापाऱ्याच्या मदतीने, रात्रीच्या अंधारात. ज्यांना शास्त्राने जागा दिली नाही त्यांनीच ते काम केले, ही कादंबरीतील सर्वांत कठोर गोष्ट आहे आणि तिच्याकडे ओझरतेच पाहिले गेले. मराठीत सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ (1974) या नाटकात मेलेला भाऊराव स्वतःच कीर्तन करतो आणि जुन्याच स्मशानात जाळले जाण्याचा हट्ट धरतो. त्याला ‘ब्लॅक कॉमेडी’ म्हणून प्रेक्षक हसले. पण मृताचे सोपस्कार हे जिवंतांच्या सोयीचे नाटक असते, हा त्यातील आरोप कीर्तनाच्या टाळांत बुडून गेला.

या सर्वांहून अधिक उपेक्षा झाली ती ताराशंकर बंद्योपाध्याय यांच्या ‘आरोग्य निकेतन’ची. या बंगाली कादंबरीस 1956 मध्ये साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. तिचा नायक जीवनमशाय हा नाडी पाहून मरणाची चाहूल ओळखणारा वृद्ध कविराज आहे. तो रोग्याला खरे सांगतो. स्वतःच्या मुलाच्या नाडीतही त्याने मरण वाचलेले आहे. पायाला इजा झालेल्या एका म्हातारीला तो गंगातीरी जाण्याचा सल्ला देतो, तेव्हा तिला जगावयाचे असते, आणि गावात आलेल्या तरुण डॉक्टरला कविराजाचे हे सांगणे क्रौर्य वाटते. वाचकांनी या संघर्षाला जुन्या-नव्या वैद्यकाचे भांडण समजून बाजूला ठेवले. वस्तुतः तो आजही न सुटलेला नैतिक प्रश्न आहे. मरू घातलेल्या माणसाला सत्य सांगावे काय? कोणी सांगावे? आणि त्याला ते नको असेल तर? आज शहरांतील कित्येक कुटुंबे आजाऱ्यापासून रोगाचे नावही लपवितात आणि त्याला प्रेम म्हणतात. अशा वेळी मरणारा माणूस आपल्याच मरणातून हद्दपार होतो. त्याचे निर्णय इतर घेतात, त्याच्यासमोर हसतात आणि जिन्यात जाऊन रडतात. मृत्यूला न भिणाऱ्या संस्कृतीचे हे लक्षण खचित नव्हे.

‘सन्मानाने मरण्याचा हक्क’ या शब्दप्रयोगाचीही झाडाझडती घेतली पाहिजे. अरुणा शानबाग या मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिकेवर 27 नोव्हेंबर 1973 रोजी पाशवी हल्ला झाला आणि त्यानंतर 18 मे 2015 पर्यंत, म्हणजे 41 वर्षांहून अधिक काळ, ती त्याच रुग्णालयात हरवलेल्या शुद्धीत पडून होती. पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी फेटाळला. मात्र काही अटींवर जीवनरक्षक उपचार थांबविण्याची वाट त्याच निकालाने मोकळी केली. 9 मार्च 2018 च्या निकालाने सन्मानाने मरणे हे जगण्याच्या हक्काचे अंग ठरविले आणि माणसाला आधीच लिहून ठेवता येईल अशा इच्छापत्रास मान्यता दिली; जानेवारी 2023 मध्ये त्याची जाचक कार्यपद्धती काहीशी सोपी झाली. हे सर्व योग्यच झाले. यंत्रांना जखडून माणसाचे मरण लांबविण्यात कोणताही धर्म नाही.

परंतु या प्रकरणाचा दुसरा अर्धा भाग चर्चेत गौण ठरला. अरुणेला जगू द्यावे असे म्हणणाऱ्या त्या रुग्णालयाच्या परिचारिका होत्या. एकीमागून एक पिढी निवृत्त होत गेली. नव्याने रुजू झालेल्या मुलींनी, ज्यांनी तिला कधी बोलताना पाहिले नव्हते, तिला भरविले, न्हाऊमाखू घातले, कूस बदलून दिली. त्यांचे मत बरोबर होते की विराणी यांचे, यावर विचारवंतांचे दुमत असू शकते. पण सन्मान या शब्दाला रोजच्या रोज देह दिला तो त्या स्त्रियांच्या हातांनी. त्या श्रमाविषयी मराठी साहित्यात किती पाने आहेत? मरणाऱ्याची शुश्रूषा बहुतेक घरांत सून, मुलगी किंवा पगारी बाई करते आणि मृत्युलेख पुरुष लिहितात. म्हणूनच मृत्युलेखांत तत्त्वज्ञान असते, बेडपॅन नसते.

हक्काची भाषा शुश्रूषेशिवाय पोकळ राहते, याचा पुरावा वेदनाशमनाच्या इतिहासात आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. तिच्यापासून मॉर्फिन होते, आणि कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील वेदनेवर ते स्वस्त व परिणामकारक औषध आहे. तरीही 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या गुंत्यामुळे रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. तो गुंता सोडविणारी दुरुस्ती यावयास 2014 उजाडले. मुंबईत 1986 मध्ये शांती अवेदना सदन सुरू झाले, कोझिकोडमध्ये 1993 मध्ये वेदनाशामक सेवेची चळवळ उभी राहिली आणि केरळ सरकारने 2008 मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आखले. मोजक्या ठिकाणी जे शक्य झाले ते सर्वत्र का झाले नाही, याचे उत्तर पैशांच्या अभावात पुरते सापडत नाही. ज्या समाजाने वेदनेला प्रारब्ध आणि सोसण्याला पुण्य मानले, त्याला औषधाची घाई नसते.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. साहित्य म्हणजे रुग्णालयाचा अहवाल नव्हे. लेखकाने मॉर्फिनचे परवाने मोजत बसावे काय? अर्थातच नाही. पण टॉलस्टॉयने 1886 मध्ये इव्हान इलिचचे मरणे लिहिले, तेव्हा त्याने अहवाल लिहिला नाही. कुटुंबाच्या खोटेपणाने तो मरणारा किती छळला गेला आणि त्याचे पाय खांद्यावर धरून बसणाऱ्या गेरासिम या नोकराने त्याला कसा दिलासा दिला, हे त्याने पाहिले. ते पाहिले म्हणूनच कथेतील अध्यात्म खरे वाटते. देहाला वगळून गाठलेले अध्यात्म ही पळवाट असते.

मरणातील विषमता तर याहून उघडी आहे. दया पवार यांच्या ‘बलुतं’ने (1978) दाखविलेल्या गावगाड्यात मर्तिकाची वर्दी परगावी पोहोचविणे हे महारकीचे काम होते; ज्याला शिवावयाचे नाही त्याच्याच पायांनी मरणाची बातमी फिरे. महाराष्ट्रात शेतकऱ्याने गळफास घेतला की त्याची आत्महत्या ‘पात्र’ की ‘अपात्र’, हे समिती ठरविते आणि एक लाख रुपयांची मदत त्यावर अवलंबून राहते. मे 2021 मध्ये गंगेत प्रेते वाहताना दिसली. त्यावर पारुल खक्कर यांनी लिहिलेली लहानशी गुजराती कविता अनेक भाषांत गेली, आणि त्या राज्याच्या साहित्य अकादमीच्या नियतकालिकाने तिच्या प्रसाराला ‘साहित्यिक नक्षल’ कारवाई ठरविले. मृत्यूला न भिणारी म्हणविणारी संस्कृती मेलेल्यांच्या मोजदादीला मात्र भिते.

तेव्हा समीक्षेने आणि साहित्याच्या अध्यापनाने एवढे तरी करावे. कथेत माणूस मरतो तेव्हा मृत्यू कशाचे प्रतीक आहे हे विचारण्यापूर्वी त्या माणसाला पाणी कोणी पाजले, त्याच्याशी खरे कोण बोलले, त्याचे प्रेत कोणी उचलले आणि त्याच्या मरणाचा लाभ कोणाला झाला, हे विचारावे. या प्रश्नांनी कलाकृती लहान होत नाही. ‘कफन’, ‘संस्कार’ आणि ‘आरोग्य निकेतन’ त्यांनी अधिक थोर ठरतात. मरणाविषयीचे तत्त्वज्ञान या भूमीत पुरेसे आहे. कमतरता आहे ती मरणाऱ्याकडे न बिचकता पाहणाऱ्या डोळ्यांची, आणि ती नचिकेत्याच्या नावाने भरून निघणार नाही.